मंत्रीसाहेब, चौकशीला पोराबरोबर एक माणूस तरी आत बसू द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

माझ्या धाकट्या भावावर मागच्या परीक्षेत कॉपी केस झाली. चिठ्ठी त्याच्या बेंचखाली सापडली, ती त्याची होती की नव्हती हा वाद इथे काढत नाही. मला बोलायचंय चौकशीच्या दिवसाबद्दल.

मी सोबत गेले होते, पण शिपायाने दारातच अडवलं, फक्त विद्यार्थी आत. मग मी बाहेर बाकड्यावर. आत टेबलाच्या पलीकडे पाच जण आणि अलीकडे हा १९ वर्षांचा पोरगा एकटा, वीस मिनिटांत बाहेर आला, काय झालं विचारलं तर म्हणे माफीनामा लिहून दिला. अरे पण चिठ्ठी तुझी नाही म्हणत होतास ना? तर म्हणे, ताई, सर म्हणाले लिहून दे, प्रकरण मिटेल. मिटलं कसलं, तोच कागद कबुली म्हणून फाईलला लागला. झेरॉक्स मिळाली तेव्हा बघितलं, 'कबूल' मधला क दोनदा गिरवलाय. चिठ्ठी मात्र आम्हाला अजून कोणी दाखवलेली नाही.

आता साहेब, तुमच्याच खात्यातल्या क्लार्कवर विभागीय चौकशी लागली तर त्याला बचाव सहाय्यक घेता येतो, १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत तशी सोय आहे. वीस वर्षं फायली हलवलेल्या माणसाला आधार लागतो आणि बारावी होऊन जेमतेम वर्ष झालेल्या पोराला नाही? आणि गंमत बघा, विद्यार्थी कॉलेजविरुद्ध तक्रार घेऊन गेला तर यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे त्याला प्रतिनिधी देता येतो. म्हणजे पोराने कॉलेजवर बोट दाखवलं तर माणूस चालतो, कॉलेजने पोरावर दाखवलं की एकट्याने यायचं.

कॉपी प्रकरणात म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल रद्द करायचा नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच सांगितलंय, घनश्याम दास गुप्ता केसमध्ये. ऐकतात हो, पण घाबरलेलं पोर बोलणार काय?

वकील द्या असं मी म्हणत नाहीये, वकील आला की कॉलेजही वकील उभा करणार आणि सगळं वर्षभर लोंबकळणार. एक साधा जीआर काढा. विद्यार्थ्याला त्याच्या पसंतीचा एक सल्लागार, शिक्षक असो, पालक असो की सीनियर, शेजारी बसवता यावा. त्याने भाषण नाही केलं तरी चालेल, फक्त "थांब, सही करू नको, आधी वाच" एवढं म्हणायची मुभा असावी. आणि आरोप काय, पुरावा काय, हे चार दिवस आधी लेखी हातात मिळावं.

आम्ही वर अर्ज केलाय, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. मी जाणारच आहे सोबत, आत घेतात की परत बाकड्यावर बसवतात ते बघू.

आपली,
एका विद्यार्थ्याची मोठी बहीण