पुलावरच्या साक्षीदारास

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. निकालाच्या बातम्यांत तुमचं नाव वाचलं होतं, इथे मुद्दाम लिहीत नाही. ते कुणाला कळावं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा महापालिकेचे सफाई कर्मचारी म्हणून तुम्ही तिथे होतात. डॉक्टरांना बहुतेक लोक अंधश्रद्धा निर्मूलनामुळे ओळखतात. आम्हा वर्गणीदारांना ते आधी 'साधना'चे संपादक. सानेगुरुजींचं ते साप्ताहिक १९९८ पासून त्यांच्याकडे होतं आणि त्याची कचेरी तिथून जवळच, शनिवार पेठेत. त्या सकाळी एक संपादकही मारला गेला, हे आपण फार लवकर विसरलो.

नंतर आम्ही काय केलं? दर महिन्याच्या २० तारखेला पुलावर जमलो, 'आम्ही सारे दाभोलकर' म्हणालो. ते लागतंच. पण घोषणेने गुन्हा शाबित होत नाही. तपास २०१४ मध्ये सीबीआयकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष ठेवलं नसतं, तर फाइल कुठल्या कपाटात गेली असती देव जाणे. (या 'देव जाणे'ला डॉक्टर हसले असते.) गोळ्या झाडल्याचा आरोप असलेले सचिन अंदुरे आणि शरद कळसकर २०१८ मध्ये पकडले गेले, आणि आरोपनिश्चिती झाली थेट सप्टेंबर २०२१ मध्ये.

एवढ्या वर्षांत साक्षीदार दमतात, घाबरतात, फितूर होतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हातावर पोट असलेल्याने तर नाहीच. तुम्ही चढलात. दोघांनी गोळ्या झाडल्या, डॉक्टर खाली पडले, ते दोघे पोलीस चौकीच्या दिशेने पळाले आणि मोटारसायकलवरून गेले, हे सांगितलंत. चौकीच्या दिशेने! ते वाचून मी पेपर खाली ठेवला होता. मग त्या दोघांना ओळखलंतही. बचावाच्या वकिलांच्या उलटतपासणीत चांगले शिकलेले लोक गडबडतात. तुम्ही दिलेली साक्ष न्यायाधीशांनी ग्राह्य धरली. आणखी एका प्रत्यक्षदर्शीनेही साक्ष दिली, हे आभार त्यांचेही.

१० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली. बाकीचे तीन आरोपी पुराव्याअभावी सुटले. खरे सूत्रधार वेगळेच आहेत आणि पोलीस व सीबीआय त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत, असं कोर्टानेच निकालात म्हटलं. हे अपयश की कुणाच्या दबावाखालची निष्क्रियता, याचा विचार त्यांनी करावा, असंही सुनावलं. दादा, डोळ्यांना दिसलं तेवढं तुम्ही सांगितलंत. न दिसलेलं शोधायचा पगार दुसऱ्यांना मिळत होता.

निकालाविरुद्ध अपिलं उच्च न्यायालयात गेली, म्हणजे तुमची साक्ष वकील मंडळी पुन्हा ओळ न् ओळ चाळणार. त्याचा त्रास तुम्हाला होऊ नये, एवढीच इच्छा.

'साधना' तुमच्या नावाने सुरू करावं असं मनात आहे. पण तुमचा पत्ता शोधत मी येणार नाही, आणि इतरांनीही येऊ नये. तुम्हाला वाचायचं असेल तर शनिवार पेठेतल्या कचेरीत निरोप ठेवा. वर्गणी माझ्याकडे लागली.

आपला,
'साधना'चा एक जुना वर्गणीदार