वजनाचा आकडा मोठ्याने वाचू नये : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. या पत्राचा हिंदी अनुवाद आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवला आहे. मूळ मराठीत लिहिले, कारण ज्याविषयी लिहिते आहे ते आमच्या घरात मराठीतच बोलले गेले, आणि बरेचसे बोललेच गेले नाही.

माझी नात 13 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या शाळेत तंदुरुस्ती तपासणी झाली. व्हरांड्यात वजनकाटा ठेवला होता, मुलामुलींची एकच रांग होती, सर आकडा मोठ्याने सांगत आणि वर्गाचा मॉनिटर तो वहीत उतरवून घेई. हिचा आकडा ऐकून रांगेत कोणीतरी हसले. घडले ते एवढेच. त्यानंतर डब्यातल्या तीन पोळ्यांपैकी अडीच परत येऊ लागल्या, रविवारी घरात पोहे-जिलबी आली तरी ती नुसत्या चहावर भागवू लागली, आणि मे महिन्याच्या उकाड्यातही तिच्या अंगातले जाकीट उतरेना. सलग तीन महिने पाळी आली नाही, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. सगळा दोष शाळेच्या माथी मारणार नाही. तिला लाडाने ‘गोलू’ म्हणणारी पहिली मीच.

तपासणीला माझा विरोध नाही. मुलांमधला लठ्ठपणा खरा आहे, आणि ज्या शहरात सराफा बाजारातले खाणे मध्यरात्र उलटली तरी थांबत नाही, तिथे तो कोणी नाकारूही नये. परंतु बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, मोठ्यांसाठीची मोजपट्टी मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही. तो आकडा वय आणि लिंग पाहून वाढीच्या तक्त्यावर ताडावा लागतो, आणि वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणे हा निसर्गक्रमच आहे. हे त्या व्हरांड्यात कोणी सांगितले नाही. आकडा मात्र सगळ्यांनी ऐकला. (मुलगेही यातून सुटलेले नाहीत. ‘काडी’ म्हणून चिडवला जाणारा शेजारचा नववीतला मुलगा आईकडे प्रोटीन पावडरसाठी हट्ट धरून बसला आहे.)

निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 या वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2025 मधील निर्देशांप्रमाणे 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असायला हवा. नातीच्या शाळेत हे काम गणिताच्या बाईंकडे आहे. त्या भल्या आहेत, परंतु वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर काढून त्यांनी कोणाचा डबा परत जातो हे पाहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून विनंती आहे की, पुढील तपासणीपूर्वी आपण एक परिपत्रक काढावे : वजन आडोशाला, एकेका मुलाचे घ्यावे, आकडा उच्चारू नये, विद्यार्थ्याकडून लिहवून घेऊ नये, तो बंद पाकिटातून पालकांकडे जावा आणि सोबत वाढीचा तक्ता व ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक असावा. समुपदेशकांच्या नेमणुका किती शाळांत झाल्या, हेही जिल्हावार जाहीर करावे. नेमणुकांना पैसा लागेल, वेळ लागेल, हे मी नोकरीत पाहिले आहे. आडोशाला मात्र एक पडदा पुरतो.

कळावे,
आपली विश्वासू,
एक आजी, इंदूर