गरम पाण्याची लाइन आणि प्लॅस्टिकचा पाइप

महोदय,

सोलरचे गरम पाणी प्लॅस्टिकच्या पाइपमधून आणावे की नाही, यावर आमच्या सोसायटीच्या सभेत गेली दोन वर्षे वाद चालू आहे. ‘पुन्हा लोखंडी पाइप टाका’ असा आग्रह धरणाऱ्यांत आरंभी मीही होतो. दुरुस्तीचे काम अंगावर पडल्यावर माझे मत बदलले, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात बरीच कुटुंबे गावी गेली होती आणि गरम पाणी जवळजवळ कोणी वापरत नव्हते. काचनळ्यांच्या सोलरमधले पाणी अशा वेळी उकळी फुटेपर्यंत तापते. एके सकाळी गच्चीवर पाण्याचा लोट दिसला. वर जाऊन पाहिले, तर मूळची फिकट पिवळी सीपीव्हीसी (क्लोरिनयुक्त पीव्हीसी प्लॅस्टिकची) लाइन शाबूत होती. निखळला होता तो मधला हातभर लांबीचा पांढरा तुकडा, जो टाकी बदलताना प्लंबरने हाताशी होता म्हणून जोडून दिला होता. तो थंड पाण्याचा साधा यूपीव्हीसी पाइप होता. तो ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडतो. आमचा तुकडा तर मेणबत्तीसारखा वाकला होता.

सीपीव्हीसी मात्र गरम पाण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्यासाठी आयएस 15778 हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. अर्थात तापमान वाढले की त्याचीही ताकद उतरते. एसडीआर 11 (व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट) या जाड वर्गाचा पाइप 23 अंशांना चौरस सेंटिमीटरला सुमारे 28 किलो दाब सोसतो, तर 82 अंशांना सुमारे 7 किलो. हे आकडे ऐकून सभेत काही जण धास्तावले. पण गच्चीवरच्या टाकीमुळे पाच मजली इमारतीच्या तळाशी पडणारा दाब जेमतेम दीड किलो असतो, हे कोणी लक्षात घेतले नाही.

खरी अडचण दाबाची नाही, लांबी वाढण्याची आहे. रात्री थंड झालेल्या लाइनमध्ये पहाटे पहिला नळ सोडताच पासष्ट अंशांचे पाणी उतरते. तापमानात पन्नास अंशांचा फरक पडला, तर पंधरा मीटरचा सरळ सीपीव्हीसी पाइप जवळपास पाच सेंटिमीटर लांबतो. लोखंडी पाइप त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही लांबत नाही. आमच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर क्लॅम्प करकचून आवळलेले होते आणि वाढलेली लांबी सामावून घेणारा वळसा (लूप) एकही ठेवला नव्हता. पाइपला सरकायला जागाच नसल्याने सगळा ताण एल्बो आणि टी या वळणाच्या व फाट्याच्या जोडांवर आला, आणि चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात टाइलच्या मागचा जोड पाझरू लागला. भिंत फोडली तेव्हा त्या जोडाला सीपीव्हीसीचे सोल्युशन (जोड चिकटवायचे द्रव) न लावता साध्या पीव्हीसीचेच लावल्याचे निघाले. दोन डब्यांच्या किमतीत असा कितीसा फरक असतो?

लोखंडी पाइपाचा आग्रह धरणाऱ्यांनी आमच्या जुन्या लाइनचा कापलेला तुकडा एकदा हातात घेऊन पाहावा. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी आणि गंजाने तो आतून इतका भरला आहे की करंगळीही जात नाही. तांबे उत्तमच, पण अठ्ठावीस सदनिकांना ते परवडणारे नाही. हिरव्या पीपीआर (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकच्या) पाइपाचे जोड उष्णतेने वितळवून एकजीव केले जातात, त्यामुळे सोल्युशनची भानगडच उरत नाही. मात्र तापल्यावर तो सीपीव्हीसीच्या दुपटीहून अधिक लांबतो, म्हणून त्याला वळसे अधिक लागतात.

नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत सोलरचा उल्लेख ठळक असतो, पाइपाचा नसतो. सदनिका घेणाऱ्यांनी आणि सोसायट्यांनी करारातच पाइपाचे मानक, वर्ग आणि वळशांची जागा लिहून घ्यावी. प्रत्येक पाइपावर मानक आणि वर्ग ही माहिती छापलेली असते. टाइल बसण्यापूर्वी ती वाचावी आणि उघड्या लाइनची छायाचित्रे काढून ठेवावीत. गच्चीवरच्या लाइनला उन्हापासून आच्छादन हवे, हेही त्यात नमूद करावे. चौथ्या मजल्यावरच्या त्या न्हाणीघरात आता तीन टाइल वेगळ्या रंगाच्या आहेत, कारण जुन्या रंगाच्या कुठेच मिळाल्या नाहीत.

आपला,
एक सदनिकाधारक, चिंचवड