निघायचा आकडा आत्ताच ठरवू या

पिंपरी, १० मे

तीर्थस्वरूप आई आणि अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं अण्णा म्हणतील. पण फोनवर पुराचं नाव काढलं की अण्णा "बघू गं तेव्हाचं तेव्हा" म्हणतात आणि आई लगेच नातवाच्या शाळेचं विचारते. कागदावरचं बोलणं असं मध्येच तोडता येत नाही. शिवाय यातलं थोडं स्वयंपाकघराच्या भिंतीला अडकवून ठेवायचं आहे, आणि पुरात सगळ्यांत आधी मान टाकतो तो फोनच.

पैशाचं आधी बोलून टाकते. यंदा जास्तीचं काही पाठवता येणार नाही. कंपनीत ओव्हरटाइम बंद आहे आणि ह्यांच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं हातात पैसा नाही हे धरूनच लिहिलंय. २०१९ च्या पुरात गल्लीत ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचे हाल काही कमी झाले नाहीत. एटीएम बंद, पंपावर पेट्रोल नाही, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, दूध संकलन बंद. ज्यांचं निभावलं ते लवकर बाहेर पडले होते, एवढंच.

म्हणून माझं मुख्य मागणं एकच आहे आणि त्याला रुपया लागत नाही. घर कधी सोडायचं तो आकडा आत्ता, ऊन असताना ठरवायचा. पाऊस लागल्यावर नाही.

अण्णा, तुम्ही सोप्यातल्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ मारून ठेवली होती. २०१९ ला अर्धा तालुका त्या रेघेच्या भरवशावर बसला होता. "पाच साली इथवर आलं, त्याच्या वर येत नाही." सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला ते ५७ च्याही वर गेलं. त्याच वर्षी ८ ऑगस्टला सांगलीकडच्या ब्रह्मनाळला नाव उलटली, तीही अशाच शेवटच्या घाईतली. मिळेल त्या नावेत, बसतील तितकी माणसं. मग २०२१ ला लोकांनी १९ ची रेघ धरली. जुन्या रेघेवरून एवढंच कळतं की पाणी कुठवर आलं होतं. पुढच्या वेळी कुठे थांबेल ते ती सांगत नाही.

तेव्हा रेघ सोडा, कोल्हापुरातला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा धरा. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे तुम्हाला माझ्याआधीपासून पाठ आहे. तिथं चढलेलं पाणी आपल्या शिवारात यायला मध्ये थोडा वेळ मिळतो, तोच आपला. माझं म्हणणं असं: ३९ झालं आणि पाऊस उघडलेला नाही, की त्याच दिवशी उजेडात म्हैस जाईल आणि तिच्यासोबत आई जाईल. ४३ ची वाट अण्णांनीही बघायची नाही. ४१ ला घराला कुलूप. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कुणाला विचारून उघडत नाहीत, धरण भरलं की आपोआप उघडतात. आणि तिकडे नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा तुंबली की पंचगंगेला फूग येते, पाणी पुढे सरकतच नाही. मग आकडा इंचाइंचानं चढतोय की फुटानं, याचा अंदाज तुम्हालाही येत नाही, हे तुम्हीच सांगितलेलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं भांडण दोन राज्यं करतीलच. ते मिटेपर्यंत आपण थांबायचं नाही.

आकडा तुम्हाला वेगळा वाटत असेल तर वेगळा धरा. तुमचा नदीचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे. पण एक धरा, आणि मला सांगा. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, एवढं भय नसतं. पण म्हातारा आणि आसळका, म्हणजे पुष्य आणि आश्लेषा, या दोन नक्षत्रांत रोज संध्याकाळी आकडा विचारायचा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर याच पंधरा-वीस दिवसांतले आहेत.

आता म्हशीचं. मला माहीत आहे की घर सोडायला तुमचा पाय निघत नाही तो तिच्यामुळं. तुमचाच नाही, तेव्हा कितीतरी लोक जनावरांसाठी माळ्यावर बसून राहिले. त्यामुळे तिची सोय आधी लागली तर बाकीचं आपोआप होईल. मावशीशी मी बोललेय. हातकणंगल्याला तिच्या गोठ्यात एक दावण रिकामी आहे, वैरण मात्र आपली न्यायची. शेजारच्या तीन घरांतही एकेक-दोन-दोन जनावरं आहेत. चौघांनी मिळून खालच्या आळीतल्या छोटा हत्ती टेम्पोवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, भाडं वाटून घ्या. पूर आल्यावर तोच माणूस तिप्पट मागतो आणि तरी मिळत नाही, त्यात त्याचाही दोष नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी सरकारी दवाखान्यात टोचून घ्या. तिच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर कागदावर लिहा आणि बिल्ल्यासकट फोटो मला पाठवा. जनावर दगावलं तर पंचनाम्यात तो लागतो. आणि काहीच जमलं नाही, पाणी दारात आलं, तर कासरा सोडून द्या. मोकळी म्हैस पोहते, बांधलेली मरते.

आई, तुझ्या इन्सुलिनचं मला सगळ्यांत जास्त वाटतं. पूर आला की लाइट कापतात आणि फ्रिज नुसता कपाट होतो. दोन मडकी घे, एक मोठं, एक त्यात बसेल असं लहान. मधल्या जागेत वाळू भर, वाळूवर पाणी शिंपडत राहा, आणि आतल्या मडक्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत ठेव. वर ओलं फडकं. वापरात असलेली बाटली अशा थंडाव्यात साधारण चार आठवडे चालते. पाठीमागच्या खोलीत एक मडकं पडलेलंच आहे. आता उन्हाळ्यातच करून बघ, म्हणजे हात बसेल. निघताना लहान मडकं तेवढं ओल्या टॉवेलात गुंडाळून न्यायचं. सुया विसरू नकोस.

अण्णांच्या बीपीच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, रोजच्या लागणाऱ्या विकत आणणं बंद करा. वाचलेल्या पैशातून दर महिन्याला एकच पाकीट जास्तीचं घेतलं तरी जुलैपर्यंत पंधरा दिवसांचा साठा होतो. जुनं आधी संपवायचं, नवं मागे ठेवायचं, तू डाळीच्या डब्यात करतेस तसंच.

कागदपत्रांची पिशवी म्हणून नवं काही आणू नका. ब्लँकेट येतं ती चेनची प्लास्टिकची पिशवी आहे ना, ती पुरे. त्यात आधार, रेशनकार्ड, दोघांची पासबुकं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बचत गटाचं पुस्तक. सातबाऱ्याच्या फायलीसाठी परत घरात शिरायचं नाही हं अण्णा. तो पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो, मीच काढून देईन. ज्या वस्तू परत मिळायला वेळ लागतो त्या जपायच्या: तुमचा चष्मा, कवळी, गुडघ्याचा पट्टा. २०२१ ला शाळेतल्या छावणीत कवळी घरी राहिलेले एक आजोबा मी पाहिले. समोर भाकरी-पिठलं, आणि ते आठवडाभर चहात बिस्कीट बुडवून खात होते.

अण्णांना सत्तरी उलटली, म्हणजे आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च त्यात बसतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार पुरतं. आशाताईंना विचारा, त्या करून देतील. हे पुराआधीच करा. दवाखान्यात पोचल्यावर कार्डासाठी धावपळ करायची म्हणजे मलाच रजा काढून यावं लागेल.

खाण्याचं मी तुला काय सांगणार. चूल पेटणार नाही हे धरून चालायचं. चुरमुऱ्याचं भडंग, भाजके शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणि लसणीची चटणी. चार दिवसांचं दोघांचं एका डब्यात मावतं आणि पावसाळा सरला की घरातच संपतं, वाया काही जात नाही. आई, तुझ्या डब्यात गूळ थोडाच, पण असू दे. इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं तर तोच लागेल. पाणी मात्र वेगळं भरून ठेवायचं. सगळीकडे पाणीच पाणी आणि पिण्याचं नाही, कारण नदीवरचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बुडालं की नळ बंद. पाऊस वाढला की सगळ्या घागरी, कळश्या, झाकणाचे डबे भरून घे. नंतर टँकरचं असो की विहिरीचं, गाळून उकळूनच. सरपण किंवा गॅस नसेल तेव्हा मेडिक्लोर, ते पाणी शुद्ध करायचं औषध, घाल. ते आणि ओआरएसची पाकिटं आशाताईंकडे असतात, आत्ताच मागून ठेव.

रोकड म्हणाल तर हजार रुपये बास. पण पन्नास आणि शंभरच्या नोटांत. पाचशेची नोट घेऊन नाववाल्याला, दूधवाल्याला सुटे मागत बसणं जमत नाही. दर आठवड्याला शंभर बाजूला पडले तर जुलैच्या मध्यापर्यंत तेवढे जमतात. आणि पूर ओसरल्यावर दारात येणाऱ्या फायनान्सवाल्याकडून घेण्याआधी बचत गटात बोल, आई. गटाचं व्याज फिरून गटातच राहतं, आणि हप्ता चुकला तर समोर शेजारीण असते, वसुलीवाला नसतो.

अण्णांचा बटणाचा फोन टाकून देऊ नका, सुनेनं दिलेला मोठा फोन कितीही छान असला तरी. बटणाचा एका चार्जवर तीन-चार दिवस जातो. पण त्यातले नंबर पाठ कुणालाच नाहीत, म्हणून पाच नंबर कागदावर लिहून भिंतीला आणि एक प्रत पिशवीत: माझा, मावशीचा, छोटा हत्तीवाल्याचा, आशाताईंचा, तलाठ्याचा. खाली ११२, १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७.

निघताना मेन स्विच पाडायचा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टाकी खिडकीच्या गजाला बांधायची. रिकामी टाकी तरंगत जाते. ज्वारी माळ्यावर आधीच चढवून ठेवा, ती ऐन वेळी अण्णांनी उचलायची नाही. पाठ धरली तर पूर बाजूलाच राहील. गल्लीतल्या पोरांना रविवारी बोलवा, चहा पाजा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि आज-उद्या भाचीला सांगून घराचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक भिंत, मोटार, शिवणयंत्र, गोठा. परत आल्यावर चिखल काढायच्या आधी पुन्हा त्याच जागांचे. तलाठी-ग्रामसेवक पंचनाम्याला येईपर्यंत आपण घर लख्ख करून बसतो आणि मग नुकसान दाखवायला काही उरत नाही. आई, तुला चिखल बघवत नाही हे कळतं. तरी फोटो आधी, झाडू नंतर. चिखलात अनवाणी जाऊ नका. पुराच्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची गोळी घ्यायची का ते आरोग्य केंद्रात विचारा.

यातलं काही पटलं नाही तर तसं सांगा, भांडू. पण ३९ आणि ४१ हे आकडे कॅलेंडरवर जुलैच्या पानावर अण्णांच्या हातानं लिहिलेले मला हवेत. फोटो पाठवा.

तुमची,
सुमन

ता. क. सुरक्षा विम्याचे वीस रुपये आईच्या खात्यातून याच महिन्यात कापले जातील. अपघाताचा दोन लाखांचा विमा आहे तो, ३१ मे ला संपतो. खात्यात तेवढी शिल्लक आहे का, बुधवारी बाजाराला जाल तेव्हा पासबुक भरून बघा.