बेलाचा मुरंबा आणि बाबांची गोळी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, की बाबांचं पोट महिनाभर बिघडलेलंच आहे, म्हणून ते रोज दोन चमचे बेलाचा मुरंबा घेतात आणि त्यांच्या जोडीला तीही घेते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

बाबा, बेलावरचा तुमचा विश्वास खोटा नाही. जुलाब, आव, संग्रहणी यांवर वैद्य बेल देत आलेच आहेत. पण तो कच्चा बेल. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय, की बाकीची फळं पिकल्यावर गुणाची, बेल मात्र कच्चाच सरस. कच्चा गर तुरट, तो मळ बांधतो. पिकलेल्या बेलाचं उलटं. टणक कवच फोडलं की आत केशरी, घमघमणारा गर आणि बियांना लपेटलेला बोटाला चिकटणारा डिंक. तो पोट साफ करतो, पण पचायला जड. चरकानेही त्याला दुर्जर म्हटलंय.

मुरंबा घालतात तो कच्च्या फळाचा. आई, तुला आधीच शौचाला खडा होतो, आणि तू मळ बांधणारं औषध खातेयस! आजपासून बंद कर, माझी शपथ आहे.

बाबा, तुमच्या मधुमेहाच्या गोळीचा, मेटफॉर्मिनचा, डोस वाढला आणि त्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले, बरोबर ना? त्या गोळीने बऱ्याच जणांचं पोट ढिलं होतं. मुरंब्याने ते झाकलं जातंय, आणि त्याचा पाक म्हणजे साखरच. बिनसाखरेचं बेलचूर्ण घेतो म्हणाल, तर तेही डॉक्टरांना विचारूनच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बेलाने रक्तातली साखर उतरलेली दिसली आहे, आणि तुमची गोळीही तेच काम करते.

गोळी मात्र मनाने सोडू नका. हीच गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारातही मिळते, ती पोटाला बरेचदा सोसते. डॉक्टरांना तेवढं विचारा. शौचातून रक्त पडलं, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, माझ्या फोनची वाट बघू नका.

रविवारी सकाळी फोन करते. बाबा, गोळ्यांची सगळी पाकिटं जवळ घेऊन बसा आणि नाव, मिलिग्रॅम वाचून दाखवा. मी लिहून घेईन.

तुमची लेक