भाराभर न्यूजलेटर, काम कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुक्त लेखनाची (फ्रीलान्स) कामे शोधणाऱ्याला ‘दिसेल त्या न्यूजलेटरला ईमेल पत्ता देऊन ठेवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. पंचवीस ठिकाणी पत्ता दिला की इनबॉक्स ओसंडतो आणि महिनाभरात एकही पिच, म्हणजे संपादकाकडे पाठवायचा लेखाचा प्रस्ताव, जात नाही. खरे तर चार-पाच न्यूजलेटर पुरतात. ती वेगवेगळ्या जातीची मात्र हवीत, कारण प्रत्येक जात वाचायची रीत निराळी असते. खाली नावे दिलेली सगळी इंग्रजीत आहेत.

पहिली जात नाशवंत मालाची. ‘अमुक संपादक तमुक विषयावर लेख मागवत आहेत’ अशा आवाहनांची ती यादी असते. केटलिन आरफर्ड यांचे ‘फ्रीलान्स ऑपॉर्च्युनिटीज’ या जातीचे. ही यादी एकाच वेळी असंख्य लेखकांच्या हाती पडते. संपादकाला हवे तेवढे प्रस्ताव थोड्याच दिवसांत मिळतात आणि जाहीर मुदत उलटायच्या आतच दार बंद होते. म्हणून असे न्यूजलेटर आले त्याच दिवशी उघडावे. रविवारी निवांत वाचू म्हणून बाजूला ठेवले तर शिळे अन्नच हाती येते. आपल्या विषयातल्या जास्तीत जास्त दोन नोंदी निवडाव्यात, बाकीच्यांकडे पाहूही नये. मागणी एक, आपला विषय भलताच, तरी ‘पाठवून तर बघू’ म्हणून पाठवलेला प्रस्ताव संपादकाला पहिल्या ओळीतच कळतो.

दुसरी जात टिकाऊ. ‘ऑथर्स पब्लिश’ आणि ‘फ्रीडम विथ रायटिंग’ ही मोफत न्यूजलेटर प्रामुख्याने नियमित लेखन स्वीकारणाऱ्या नियतकालिकांची व प्रकाशकांची माहिती देतात. एरिका ड्रायफस यांचे मासिक ‘द प्रॅक्टिसिंग रायटर’ प्रवेशशुल्क न घेणाऱ्या आणि मानधन देणाऱ्या संधींवरच भर देते. हा एक नियमच चाळणीचे निम्मे काम करतो. इथे घाई नको. नोंद उचलून तक्त्यात टाकावी: प्रकाशनाचे नाव, दर, हक्क, पैसे स्वीकृतीवर की प्रसिद्धीनंतर, प्रस्ताव पाठवल्याची तारीख, आठवण द्यायची तारीख. आठवण साधारण दोन आठवड्यांनी द्यावी. विषय ताज्या घडामोडीचा असेल तर त्याआधी.

अनुदाने आणि स्पर्धांसाठी सी. होप क्लार्क यांचे ‘फंड्स फॉर रायटर्स’ आहे. शिवाय कामाची यादी न देणारे एक हवेच: ‘रायटर बिवेअर’. ए. सी. क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्राउस यांनी 1998 मध्ये सुरू केलेला हा उपक्रम लेखकांना गंडवणारे प्रकाशक, एजंट आणि तोतये यांच्याबद्दल सावध करतो.

न्यूजलेटरमधली ओळ हा फक्त माग असतो. याद्या एकमेकींवरून उचललेल्या असतात आणि दर कधीकधी दोन वर्षांपूर्वीचा निघतो. लिंकवरून थेट अर्ज करण्याऐवजी त्या प्रकाशनाच्या स्वतःच्या पानावर जाऊन दर, मुदत आणि ‘कोणत्या देशांतले लेखक चालतील’ हे ताडून पाहावे. ही शेवटची अट यादीत हमखास गळते. मुदत ‘ईस्टर्न टाइम’मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत, असेल तर ती वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या हिवाळ्यात 5 आणि उन्हाळ्यात 4 तास मागे असते, हे धरून हिशेब करावा.

दराचाही हिशेब असतो. शब्दाला 10 सेंट आणि लेख 1000 शब्दांचा, म्हणजे 100 डॉलर. दोन मुलाखती, संदर्भ तपासणे आणि दोन फेरदुरुस्त्या मिळून 16 तास गेले तर तासाला सव्वासहा डॉलर पडले. ‘सर्व हक्क’ मागणाऱ्याला लेख दिला की तो पुन्हा कुठेच विकता येत नाही. लेख स्वीकारून छापला नाही तर द्यायची रकमेची टक्केवारी, म्हणजे ‘किल फी’, करारात आहे का हेही आधीच पाहावे.

आता तांत्रिक गोष्टी, कारण बरीच गळती इथेच होते. नोंदणीनंतर पुष्टीचे ईमेल येते. ते स्पॅममध्ये पडले आणि त्यातली लिंक दाबली गेली नाही तर पुढचा एकही अंक येत नाही. जीमेल साधारण 102 किलोबाइटपेक्षा मोठे ईमेल कापून दाखवते. लांब याद्यांचा शेवट त्यामुळे दिसतच नाही, तेव्हा तळाची ‘पूर्ण संदेश पाहा’ ही लिंक दाबावी. पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या आधी अधिकचिन्ह आणि एखादा शब्द जोडून नोंदणी केली की फिल्टर, म्हणजे येणारे ईमेल आपोआप वेगळे करणारा नियम, लावणे सोपे जाते आणि पत्ता कुणी परस्पर वाटला तेही कळते. फिल्टरमध्ये लेबल आणि ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’ हे दोन्ही निवडावे. इनबॉक्स वगळण्याची खूण मात्र करू नये, नाहीतर नाशवंत माल लेबलाखालीच सडतो.

सशुल्क न्यूजलेटर घ्यायचे तर आधी एकाच महिन्याची वर्गणी भरावी. जुने चार अंक उघडून आपल्याला लागू पडणाऱ्या नोंदी मोजाव्यात. चार अंकांत तीनही निघाल्या नाहीत तर वर्गणी थांबवावी. अंकाचा अर्धा भाग स्वतःच्याच अभ्यासक्रमांच्या जाहिरातींनी भरलेला असेल तर ते मोफत असले तरी महागच.

काम देण्याआधी प्रशिक्षणाचे किंवा नोंदणीचे पैसे मागणारा, मुलाखत फक्त टेलिग्रामवर घेणारा आणि जास्त रकमेचा धनादेश पाठवून ‘उरलेले परत करा’ म्हणणारा, हे तिघे चांगल्या यादीतही शिरतात. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. नामांकित प्रकाशनाच्या नावात एकच अक्षर बदलून घेतलेले डोमेन घाईत नजरेतून सुटते.

आपल्या पुरवणीत लेखन-संधींची यादी छापताना प्रत्येक नोंदीपुढे मानधन, प्रवेशशुल्क आहे की नाही, पात्र देश आणि माहिती पडताळल्याची तारीख द्यावी, ही विनंती. जागा अपुरी पडली तर नोंदी निम्म्या कराव्यात, पण हे चार रकाने वगळू नयेत.

आपली,
एक वाचक