ताईच्या वर्गाविषयी आईस पत्र

लीड्स, १२ नोव्हेंबर

ती. आईस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. बाबांनाही सांगावा.

अहिल्यानगरची थंडी चुकवून तुम्ही दोघे ताईकडे म्हापशाला सुखरूप पोहोचलात, हे वाचून बरे वाटले. तुझा ताईवरचा राग मात्र मनात घोळत राहिला. तिच्या विशेष शाळेतला तो १२ वर्षांचा मुलगा शनिवारी घरी येतो, पोदेराचा, म्हणजे दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा वाजला की ताई त्याला फाटकाशी उभे करते आणि तो नाण्यांशी झगडत असताना आपण हाताची घडी घालून बघत राहते. ‘लेकराचे हाल बघवत नाहीत, हिला ख्रिस्ती कसे म्हणावे,’ असे तू लिहिलेस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताईची ही पद्धत आम्हीही इथल्या शाळेत रोज वापरतो. पाव आणणे हे आपल्याला एकच काम वाटते. त्याच्यासाठी मात्र पिशवी घेणे, फाटक उघडणे, किती पाव हवेत ते सांगणे, नाणी मोजून देणे, पाव पिशवीत ठेवणे अशी ती वेगवेगळी कामे असतात. काही मुलांना ती शेवटाकडून शिकवतात. आधीचे सगळे शिक्षकाने करायचे आणि अखेरचे तेवढे मुलाने. ते जमले की त्याच्या अलीकडचे. त्यामुळे काम पुरे केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मुलाच्याच वाट्याला येतो. माझ्या वर्गातली एक मुलगी कोटाची बटणे अशीच लावायला शिकली. वरची सगळी मी लावायचो, खालचे एक काजातून अर्धे बाहेर काढून ठेवायचो आणि तिने ते ओढून घ्यायचे. तिची बोटे घसरत, बाहेर बस खोळंबलेली असे, आणि अशा वेळी माझा हात आवरणे हेच मला सर्वांत जड जाई. ताई नुसती उभी दिसते तेव्हा ती हेच करत असते.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला बार्तीमय आठव. त्या आंधळ्याला काय हवे ते कुणालाही कळले असते, तरी प्रभूने थांबून आधी त्यालाच विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे; आणि हे केव्हा, तर भोवतालचे लोक त्याला गप्प बसवत असताना. आपल्या मंडळीत या मुलांसाठी प्रार्थना होते, नाताळात खाऊ वाटला जातो, पण त्यांच्या तोंडून उत्तर येईपर्यंत थांबणारे मला फारसे दिसले नाहीत. (हे बाबांना कडू लागेल, तरी लिहितो.) पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांच्या निवासाला बार्तीमयाचेच नाव दिले आणि त्यांच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, त्या स्त्रियांना ब्रेल शिकवले. आपल्या अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्डबाईंनी १९०० साली मुंबईत अंधांची शाळा काढली. दुष्काळाचे दिवस होते, नुसते जेवू घातले असते तरी कुणी नावे ठेवली नसती.

हे सगळे आत्ताच शिकवण्याच्या ताईच्या घाईलाही कारण आहे. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयात मिळतो. इंग्लंडात गरज असल्यास शिक्षणाचा आराखडा पंचविशीपर्यंत चालू ठेवता येतो. ताईच्या त्या मुलाच्या हाती मात्र सहाच वर्षे उरली आहेत.

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त आहे आणि योगायोगाने जागतिक दिव्यांग दिनही त्याच तारखेचा. ताई त्याला तिथल्या फेरीत, म्हणजे जत्रेत, नेणार म्हणते. त्या दिवशीची गर्दी आणि गोंगाट त्याला सोसणार नाही. त्यापेक्षा आधीच्या नोव्हेनातल्या, म्हणजे फेस्तापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांतल्या, एखाद्या सकाळी जा म्हणावे. आपण कॅथलिक नसलो तरी तूही बरोबर जा. खाज्याच्या दुकानापाशी पैसे त्याच्याच हातात असू देत, आणि दुकानदाराने तुला विचारले तर त्याच्याकडे बोट दाखव. ताईने पाव घेण्याच्या पायऱ्यांची जी चित्रपट्टी केली आहे, तिचा फोटो मला पाठवायला सांग. माझ्या वर्गासाठी तशी एक करायची आहे.

तुमचा,
धाकटा